आई-बापाच्या रक्तातली चूक लेकरात कशी उतरते? सिकलसेल समजून घेऊ या



आपल्या पेजवर नेहमी बीज, जाळी, ठेका, धरणाचं पाणी, माशाचा भाव हेच चालतं. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तो घरातलाच आहे. जरा लांबलचक आहे, तरी पूर्ण वाचा, आणि घरात लग्नाची मुलं-मुली असतील तर त्यांनाही वाचून दाखवा.

समजा, थंडीचे दिवस आहेत. पहाटे जाळं काढायला बापाबरोबर तेरा-चौदा वर्षांचा पोरगा नदीवर गेलाय. मांडीभर गार पाण्यात अर्धा तास उभा राहिला. घरी आला आणि दुपारपर्यंत हातपाय धरून कण्हायला लागला. गुडघे दुखतात, पाठ दुखते, छातीत दुखतं. डोळे पिवळसर दिसतात. दोन-तीन महिन्यांनी परत तेच. घरात कोणी म्हणतं गारठा लागला, कोणी म्हणतं कावीळ, कोणी म्हणतं नदीवर बाहेरचं काही लागलं. आणि कोणी सरळ म्हणतं, पोरगं कामचुकार आहे, पाण्यात उतरायचं नको म्हणून ढोंग करतं.

ते पोरगं ढोंग करत नसेल, त्याला सिकलसेल असू शकतो. खकनार, देडतलाईपासून पलीकडे धारणी-मेळघाट, इकडे खंडवा, बडवाणी, तिकडे नंदुरबारचा सातपुडा, हा सगळा पट्टा या आजाराचा आहे. हा आजार हवेतून किंवा पाण्यातून लागत नाही. तो आई-बापाकडून येतो. कसा येतो, कधी येतो आणि कधी येत नाही, हेच आज बघू.

जाळ्यातली एक गाठ

आपल्या शरीराचा प्रत्येक कण ज्याला आपण पेशी म्हणतो, त्यात शरीर कसं बांधायचं याचा एक लिखित नमुना असतो. त्याला डीएनए म्हणतात. तो ४६ गुंडाळ्यांमध्ये ठेवलेला असतो, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. ही गुणसूत्रं जोडीजोडीनं असतात: २३ आईकडून, २३ बापाकडून. म्हणजे शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीच्या आपल्याकडं दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एकेका सूचनेच्या तुकड्याला जनुक म्हणतात.

आईच्या किंवा बापाच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. आणि अक्षरं तरी किती? फक्त चार. याच चार अक्षरांच्या क्रमावर सगळं चालतं.

आता जुनं जाळं समोर ठेवून तुम्ही नवं जाळं विणायला बसलात असं धरा. लाखो गाठी. हात कितीही बसलेला असला तरी एखादी गाठ चुकणारच. बहुतेक चुकलेल्या गाठींनी काही बिघडत नाही, जाळं मासे धरतंच. पण एखादी गाठ नेमक्या ताणाच्या जागी चुकली तर तिथूनच जाळं फाटतं. डीएनएची नक्कल होतानाही असंच होतं. अक्षर बदलतं, गळतं, जास्तीचं पडतं. या बदलालाच उत्परिवर्तन म्हणतात, डॉक्टर लोक म्यूटेशन म्हणतात.

याला घाबरायचं कारण नाही. जन्माला येणाऱ्या प्रत्येक मुलात साधारण ६० ते ७० अशी नवीन अक्षरं असतात जी आईतही नसतात आणि बापातही नसतात. तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत. बहुतेक बदल कुठंतरी बिनकामाच्या जागी पडतात, कळतही नाहीत. काही बदलांनी नुसता रंगरूप बदलतो. शोभेचा रंगीत कोई मासा तुम्ही पाहिला असेल. तो आपल्या सायप्रिनसचाच भाऊबंद आहे. रंगाचे असे बदल लोकांनी निवडून निवडून वाढवले, एवढंच.

पण सिकलसेलची गाठ ताणाच्या जागी आहे. रक्ताला लाल रंग देणारं आणि प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन नावाचं द्रव्य असतं. त्याची एक साखळी १४६ कड्यांची असते. सिकलसेलमध्ये फक्त एक अक्षर बदललेलं असतं, त्यामुळं साखळीतली फक्त सहावी कडी बदलते. एवढ्याशा बदलानं प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्यांसारखं ताठ होतं. गोल, मऊ रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून नाव सिकलसेल.

गोल पेशी बारीक नसांमधून बोटुकलीसारखी सुळकन निघून जाते. विळ्यासारखी पेशी अडकते, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. पुढं रक्त जात नाही, म्हणून तिथं भयंकर दुखतं. शिवाय नेहमीची रक्तपेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, थकवा कायमचा.

काय लेकराकडे जातं आणि काय जात नाही

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून नीट सांगतो.

आयुष्यभर वल्हं मारून तुमचे दंड लोखंडासारखे झाले. ते दंड मुलाला जन्मतः मिळत नाहीत, त्याला स्वतः वल्हं मारावं लागतं. अपघातात बोट तुटलं तर मुलाला एक बोट कमी येत नाही. शरीर कमावतं-गमावतं ते मुलाकडं उतरत नाही.

तंबाखू-गुटख्यानं गालाच्या आतल्या पेशींचा डीएनए बिघडतो, त्यातून तोंडाचा कॅन्सर होतो. हेही म्यूटेशनच आहे. पण ते गालातल्या पेशीत झालं, तिथंच राहिलं. ते मुलाला वारशात मिळत नाही. (तंबाखूची सवय मात्र बघून बघून उचलली जाते, ती गोष्ट वेगळी.)

मुलाकडं जातं ते फक्त आईच्या बीजात आणि बापाच्या शुक्राणूत जे लिहिलेलं असतं ते. तिथं बदल असेल तरच तो पुढच्या पिढीत जाणार, आणि गेला की त्या मुलाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत तो असणार.

ग्रहणात बाई बाहेर आली, विळी हातात धरली, गरोदरपणात मासे खाल्ले, नदी ओलांडली, यातल्या कशानंही सिकलसेल होत नाही. कुणाची नजर लागून होत नाही. एका ताटात जेवल्यानं, एका डोंग्यात बसल्यानं, रक्तपेशी वाकड्या होत नाहीत. गर्भ राहिला त्याच क्षणी ते ठरलेलं असतं.

दोन चिठ्ठ्यांचा हिशोब

आता मुख्य हिशोब. बीज मोजायची सवय असलेल्या माणसाला हा हिशोब अवघड नाही.

हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या प्रत्येकाकडं दोन चिठ्ठ्या आहेत असं समजा. एक आईनं दिलेली, एक बापानं दिलेली. चांगल्या चिठ्ठीला 'ए' म्हणतात आणि बदललेल्या चिठ्ठीला 'एस'. मग माणसं तीन प्रकारची:

एए: दोन्ही चिठ्ठ्या चांगल्या. काही नाही.

एएस: एक चांगली, एक बदललेली. याला वाहक म्हणतात. वाहक माणूस आजारी नसतो. चांगल्या चिठ्ठीवर त्याचं काम भागतं. तो जाळं ओढतो, पोहतो, शेती करतो, म्हातारा होतो, त्याला पत्ताही नसतो.

एसएस: दोन्ही बदललेल्या. याला सिकलसेलचा आजार असतो.

मूल होताना आई आपल्या दोन चिठ्ठ्यांतली एकच देते, बाप दोनातली एकच देतो. कोणती जाईल हे कुणाच्या हातात नाही. नाणं उडवल्यासारखं आहे. आता जोड्या लावू.

आई एए आणि बाप एएस (किंवा उलट): मुलाला आजार होऊच शकत नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी, पूर्ण मोकळं असण्याची निम्मी.

दोघंही एएस: खरी काळजी इथं आहे. प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे आजारी असण्याची शक्यता चारात एक. वाहक असण्याची चारात दोन. पूर्ण मोकळं असण्याची चारात एक.

एक एसएस आणि दुसरा एए: सगळी मुलं वाहक होणार, पण आजारी एकही नाही.

एक एसएस आणि दुसरा एएस: निम्मी शक्यता आजाराची, निम्मी वाहक असण्याची.

दोघंही एसएस: सगळी मुलं एसएस.

यात एक गोष्ट बघा. दोन धडधाकट माणसं, दोघांनाही आयुष्यात काही दुखलं नाही, तरी त्यांचं मूल आजारी निघू शकतं. 'आमच्या सात पिढ्यांत कुणाला नाही' हे वाक्य म्हणून उपयोगाचं नाही. सात पिढ्या ती चिठ्ठी एक-एक करून गुपचूप चालत आलेली असू शकते. दोन चिठ्ठ्या एका घरात भेटल्या, तेव्हा आजार दिसला.

'चारात एक' म्हणजे काय, आणि काय नाही

बरेच लोक म्हणतात, "डॉक्टरांनी चारात एक सांगितलं होतं. पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली." हे चूक आहे. निसर्ग मागच्या मुलाचा हिशोब लक्षात ठेवत नाही. प्रत्येक बाळंतपणाला चिठ्ठ्या नव्यानं टाकल्या जातात. पहिलं आजारी असलं तरी दुसऱ्यालाही चारात एक, तिसऱ्यालाही चारात एक. पहिली दोन चांगली निघाली म्हणून तिसरं नक्की चांगलं, असंही नाही.

आकडा मांडून बघू. दोघं वाहक आहेत आणि चार मुलं झाली. चारातलं एकही आजारी न निघण्याची शक्यता साधारण ३२ टक्के. म्हणजे अशा दर तीन घरांपैकी साधारण दोन घरांत किमान एक मूल आजारी. आणि चारही आजारी निघण्याची शक्यता २५६ मध्ये एक. दोन्ही टोकं होऊ शकतात, म्हणून एका घराकडं बघून नियम ठरवू नका.

दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची. आजारी मूल झालं की घरात बोट सुनेकडं जातं. "हिच्या माहेरचं आलं." मंडळी, एसएस मूल व्हायला दोन चिठ्ठ्या लागतात. एक आईची आणि एक बापाची. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही. जो सुनेला बोल लावतो त्यानं समजून घ्यावं की अर्धा वाटा त्याच्या मुलाचा आहे, आणि मुलाला तो त्याच्याकडून किंवा त्याच्या बायकोकडून आलाय. यात कुणाचाच दोष नाही, कारण चिठ्ठी निवडून कुणी देत नाही.

नात्यातलं लग्न आणि हॅचरीतले ब्रूडर

आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत बऱ्याच समाजांत आहे. त्याचा इथं संबंध येतो.

समजा आजी वाहक होती, आजोबा एए. तिच्या मुलाकडं ती चिठ्ठी जाण्याची शक्यता निम्मी, मुलीकडं निम्मी. त्यांच्या मुलांपर्यंत पोचायची अजून निम्मी, म्हणजे प्रत्येक नातवंडाकडं चारात एक. आता मुलाची मुलगी आणि मुलीचा मुलगा यांचं लग्न लावलं, तर दोघंही वाहक असण्याची शक्यता १६ मध्ये एक होते. म्हणजे एकाच आजीची एकच चिठ्ठी दोन वाटांनी फिरून पणतवंडात परत भेटू शकते.

हॅचरीवाल्यांना हे सांगायला नको. एकाच तळ्यातले तेच नर, त्याच माद्या, त्यांचीच पिलं परत ब्रूडर म्हणून ठेवली, तर काही वर्षांनी बीज कमजोर पडतं, वाढ मंदावते, वाकडी-तिकडी पिलं निघतात. कारण हेच, लपलेल्या वाईट चिठ्ठ्या एकमेकींना भेटतात. म्हणून चांगला हॅचरीवाला बाहेरच्या नदीतले ब्रूडर आणून मिसळतो. उलट बाजूनं, वेगवेगळ्या नद्यांचे मासे घेऊन, नाती सांभाळून, पिढ्यान्पिढ्या निवड केली तर फायदाही होतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं १९९२ पासून असंच काम करून जयंती रोहू तयार केला आणि १९९७ मध्ये दिला. त्यात दर पिढीला वाढ सरासरी १७ टक्क्यांनी सुधारली. वारसा तोच, नियम तोच. फरक एवढाच की माशाची जोडी आपण लावतो, माणसाची जोडी माणसानं स्वतः समजून-उमजून लावायची असते.

पण एक लक्षात ठेवा. नात्याबाहेर लग्न केलं म्हणजे सुटलो, असं नाही. आपल्या पट्ट्यात वाहक इतके आहेत की परक्या घरातली मुलगीही वाहक असू शकते. खात्री फक्त रक्ताच्या तपासणीनं होते.

मग ही चूक आजवर टिकली कशी?

इतकी वाईट चिठ्ठी असेल तर ती हजारो वर्षांत संपायला हवी होती. ती का संपली नाही याचं उत्तर मलेरियात आहे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन या संशोधकानं आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहक माणसाला, म्हणजे एएसला, मेंदूला चढणारा जीवघेणा मलेरिया कमी होतो. जंगल, नदीकाठ, डबकी, डास, असा जिथं मलेरियाचा मारा होता तिथं वाहक मुलं जास्त जगली आणि त्यांची चिठ्ठी पुढं गेली. म्हणून हा आजार आफ्रिकेत, अरबस्तानात आणि आपल्या मध्य भारतात सापडतो. आपल्या पूर्वजांना एका चिठ्ठीनं वाचवलं, आणि दोन चिठ्ठ्या भेटल्या तिथं किंमत मोजायला लावली. वाहक असणं म्हणजे कमीपणा नाही, हे यावरून समजावं. (वाहकाला मलेरिया होतच नाही असं मात्र नाही. मच्छरदाणी लावाच.)

या आजाराची पहिली नोंद अमेरिकेत शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केली. १९४९ मध्ये जेम्स नील यांनी तो दोन्हीकडून एकेक चिठ्ठी आल्यावरच होतो हे मांडलं, आणि त्याच वर्षी लायनस पॉलिंग यांच्या गटानं दोष हिमोग्लोबिनमध्येच आहे हे दाखवलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद जगापुढं मांडली. पुढं पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागात पाड्यापाड्यावर जाऊन अनेक वर्षं या आजारावर काम केलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हा फक्त आदिवासींचा आजार, असंही कुणी धरू नये. विदर्भात आणि छत्तीसगडमध्ये तो अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागास समाजांमध्येही भरपूर आहे. रक्त जातीचा दाखला विचारत नाही.

तपासणी कशी होते

मध्य प्रदेशात १५ नोव्हेंबर २०२१ ला राज्याचं सिकलसेल मिशन सुरू झालं. मग १ जुलै २०२३ ला शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन मिशनची सुरुवात झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहू नये, हे त्याचं लक्ष्य आहे. या मिशनमध्ये तपासणी फुकट होते आणि निकालाचं कार्ड मिळतं.

पहिली तपासणी बोटातल्या थेंबभर रक्ताची. त्यात 'एस' आहे की नाही एवढं कळतं. नेहमीच्या विद्राव्यता चाचणीत वाहक आणि आजारी दोघंही पॉझिटिव्हच येतात. म्हणून पहिल्या चाचणीवर घाबरून जाऊ नका आणि तिथंच थांबूही नका. दुसरी, खात्रीची तपासणी करायचीच. तिला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी म्हणतात. त्यात एएस की एसएस हे स्पष्ट होतं. थॅलेसेमियाची चिठ्ठी असेल तर तीही बहुतेक वेळा कळते. एका बाजूनं सिकलसेलची आणि दुसऱ्या बाजूनं थॅलेसेमियाची चिठ्ठी आली तरी मूल आजारी पडू शकतं, हेही लक्षात असू द्या.

तान्ह्या बाळाचं वेगळं आहे. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, त्यात हा दोष नसतो. म्हणून एसएस बाळही पहिले पाच-सहा महिने गुटगुटीत दिसतं. मग हातापायाची बोटं सुजतात, ताप येतो, पोट डाव्या बाजूला फुगतं. आई-बाप दोघं वाहक असतील तर लक्षणांची वाट न बघता बाळाची तपासणी सांगून करून घ्या.

आशाताई किंवा नर्सबाई दारात आल्या की "आम्हाला काही नाही" म्हणून परत पाठवू नका. जाळं टाकायला पहाटे निघत असाल तर त्यांना संध्याकाळची वेळ सांगा. पण तपासणी चुकवू नका. जे कुटुंब ठेक्यासाठी धरणावर मुक्कामाला जातं त्यानं कार्ड बरोबर ठेवावं.

मासेमारीच्या घरात घ्यायची काळजी

एसएस असलेला माणूस काम करू शकतो, शिकू शकतो, संसार करू शकतो. पण आपल्या धंद्यातल्या काही गोष्टी त्याला वाईट आहेत, त्या ओळखा.

गार पाणी. थंडीनं नसा आवळतात आणि पेशी अडकतात. एसएस मुलाला थंडीत पहाटे पाण्यात उतरवू नका. त्याला काठावरचं काम द्या: जाळं दुरुस्ती, मोजणी, हिशोब, विक्री. भिजला तर लगेच कोरडे कपडे.

तहान. आपण दिवसभर पाण्यावर असतो आणि पाणी प्यायचंच विसरतो. उन्हात डोंग्यात बसलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. रक्त घट्ट झालं की दुखणं उठतं. पिण्याच्या पाण्याचा कॅन डोंग्यात हवाच.

फार दमणं आणि दम कोंडणं. खोल बुडी मारून अडकलेलं जाळं सोडवणं हे काम एसएस माणसानं करू नये. वाहकानं सगळं काम करावं, फक्त कडक उन्हात जास्त ओढाताण असेल तर मध्ये थांबून पाणी प्यावं.

ताप. लहान एसएस मुलाला जंतूंचा त्रास लवकर होतो. ताप आला तर घरगुती उपायात रात्र घालवू नका. लसी सगळ्या वेळेवर. पाच वर्षांखालच्या मुलांना डॉक्टर पेनिसिलिन सुरू करतात, ते मधेच बंद करू नये.

लगेच दवाखाना कधी? छातीत दुखून श्वास लागला, एकाएकी हात-पाय किंवा तोंड वाकडं झालं, पोटाची डावी बाजू फुगून मूल पांढरं पडलं, किंवा नेहमीच्या गोळीनं दुखणं थांबेना, तर वाट बघायची नाही. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: "सिकलसेल आहे," आणि कार्ड दाखवा.

औषध आहे. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घेतली की गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं आणि दुखण्याचे झटके कमी होतात. ती डॉक्टरच्या सल्ल्यानं, मधून मधून रक्त तपासून घ्यायची असते. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरला सांगायचं. फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही देतात. हा रक्ताचा कमीपणा नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी किंवा टॉनिकनं भरून येत नाही. ठरावीक रुग्णांत योग्य दाता मिळाला तर अस्थिमज्जा बदलून आजार बराही होतो, पण तो मोठा उपचार आहे. झाडपाला, गंडा-दोरा यात पैसे आणि वेळ घालवू नका. डीएनएचं अक्षर अंगाऱ्यानं बदलत नाही.

लग्न ठरवताना

कार्ड काढायचं ते मुलीला नाकारायला नाही. हे ठळक सांगतो, कारण भीती हीच आहे. लोक तपासणी टाळतात ती सुईच्या भीतीनं नाही, 'पोरीचं लग्न मोडेल' या भीतीनं.

हिशोब परत बघा. वाहक मुलीचं एए मुलाशी लग्न झालं तर एकही मूल आजारी होणार नाही. एसएस मुलीचंही एए मुलाशी लग्न झालं तर एकही मूल आजारी होणार नाही. म्हणजे अडचण कुठल्या एका माणसात नसतेच, ती जोडीत असते. त्यामुळं एकट्या मुलीचं कार्ड मागणं चूक आहे. दोघांची कार्डं शेजारी ठेवून बघायची असतात. आणि मुलाचं कार्ड एए निघालं, तर मुलीकडं काहीही असलं तरी सिकलसेलसाठी नकार द्यायचं कारण उरत नाही.

दोघंही वाहक निघाले तर? निर्णय त्या दोघांचा आहे, पंचायतीचा नाही. काही जण दुसरं स्थळ बघतात. काही जण लग्न करतात आणि मग गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरला गाठतात. १० ते १२ आठवड्यांच्या आसपास गर्भाची तपासणी करून बाळाचं कळू शकतं. ही सोय मोठ्या केंद्रांमध्येच असते, म्हणून दिवस गेल्याचं कळताच जिल्हा रुग्णालयात विचारायचं, चौथा-पाचवा महिना उजाडू द्यायचा नाही. आणि ज्यांचं लग्न आधीच झालंय, मुलं आहेत, त्यांनी एकमेकांना दोष न देता सगळ्यांची तपासणी करून घ्यावी, एवढंच.

जन्मपत्रिका जुळवायला आपण वेळ काढतो. दोन कार्डं जुळवायला पाच मिनिटं पुरतात.

शेवटी पुन्हा त्या पोराकडं येऊ. पहाटे गार पाण्यातून आल्यावर तुमच्या घरातलं कुणी सारखं दुखतंय म्हणत असेल, डोळे पिवळे पडत असतील, तर त्याला कामचुकार म्हणायच्या आधी एकदा रक्त तपासा. पुढच्या बुधवारी-गुरुवारी करू, असं म्हणत पावसाळा येतो आणि राहून जातं. या आठवड्यात गावातल्या आशाताईंना विचारा, जवळच्या आरोग्य केंद्रात जा. नवरा-बायको आणि मुलं, सगळे एकदमच जा. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिवस असतो, तेव्हा शिबिरं लागतात, पण त्याच्यासाठी थांबायची गरज नाही.

ही पोस्ट आपल्या नदीकाठच्या, धरणावरच्या सगळ्या ग्रुपवर पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.